उचललेले आणि ठेवलेले

तिला दवाखान्यात सगळे दुर्बीण म्हणत. नाव डॉक्टरबाईंनी ठेवलेलं आणि तसं पाहिलं तर साफ चुकीचं, कारण दुर्बिणीतून लांबचं बघतात आणि या बाईचा सगळा जन्म नाकासमोरचं बघण्यात गेलेला. पण मायक्रोस्कोप अशी हाक कुणी मारणार? तेव्हा दुर्बीण ते दुर्बीणच राहिलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं. कुणा नव्या माणसाने खरं नाव विचारलं तर ती जरा नाराजच व्हायची.

दवाखाना मूल होत नसलेल्या जोडप्यांचा. तिथे काही पुरुष असे येत, की त्यांच्या वीर्यात शुक्राणू औषधालासुद्धा सापडत नसे. मग डॉक्टरबाई भूल देऊन अंडकोषातून चिमटीत मावेल एवढा तुकडा काढत आणि डिशमध्ये घालून लॅबच्या खिडकीतून आत सरकवत. पुढचं काम दुर्बिणीचं. तो तुकडा पिंजायचा, त्याचे थेंब थेंब करायचे आणि एकेक थेंब मायक्रोस्कोपखाली धरून चाळत बसायचं. रक्ताच्या पेशी, मेलेल्या पेशींचा कचरा, चरबीचे कण, सगळा बाजार तिथे भरलेला असतो. हवा असतो तो शेपटीवाला. तोही नुसता असून भागत नाही, शेपटी जराशी तरी हलायला हवी. हलली तर तो जिवंत.

एरवी शुक्राणू गोठवणं हे काही कौतुकाचं काम नाही. कोट्यवधी असतात, नळीत भरा, नायट्रोजनच्या टाकीत सोडा, निम्मे मेले तरी कुणी सुतक पाळत नाही. पण सगळे मिळून चार-पाचच असतील तर नळीत घातलेले पुन्हा हाताला लागायचे नाहीत. त्यांची तऱ्हा वेगळी. नखाच्या तुकड्याएवढी पातळ प्लास्टिकची पट्टी घ्यायची, तिच्यावर डोळ्याला जेमतेम दिसेल असा थेंब ठेवायचा, तो सुकू नये म्हणून वर तेलाचं पांघरूण घालायचं. मग केसाहून बारीक काचेच्या नळीने, जिला लॅबमध्ये सुईच म्हणतात, एकेक शुक्राणू उचलून त्या थेंबात नेऊन सोडायचा. पट्टी नायट्रोजनच्या वाफेवर धरायची आणि आत बुडवायची. पुढे बायकोची स्त्रीबीजं तयार झाली की पट्टी काढायची, ऊब द्यायची, आणि जे जगले असतील त्यांना एकेका बीजात टोचायचं.

यात दुर्बिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यांनी हात टेकलेली माणसं डॉक्टरबाई हिच्या भरवशावर घ्यायच्या. आणि तिला त्याचा माज होता. शब्द कडक आहे, पण दुसरा बसत नाही. घरी मात्र तिला रोज किल्ली सापडायची नाही. नवरा मोटार चालवायला शिकवायचा, तो दारात उभा राहून म्हणायचा, “लोकांच्या वंशाचे दिवे शोधून देतेस, आपल्या कुलपाची किल्ली तेवढी शोध.”

“ती हलत नाही ना,” ती म्हणायची. “हलली असती तर दिसली असती.”

कामात तिने स्वतः एक नियम घालून दिला होता. शुक्राणू सुईत उचलला म्हणून मोजायचा नाही. थेंबात सोडला आणि सोडलेला डोळ्यांनी दिसला, की मगच मोजायचा. कारण काच लबाड असते. नवी सुई घेतली की ती आधी एका बुळबुळीत द्रवात बुचकळावी लागते. नाहीतर शुक्राणू आतून काचेला चिकटून बसतो आणि सोडणाऱ्याला वाटतं, आपण सोडला. हाताखालच्या मुलीकडून, जिला सगळे धाकटी म्हणत, तिने हे पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं.

“काय मोजायचं?”

“ठेवलेला, ताई.”

“आणि उचललेला?”

“उचललेला गेला खड्ड्यात.”

एकदा धाकटीने उचलता उचलता आकडा मोठ्याने म्हटला, तेव्हा दुर्बिणीने तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. “कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न असतो, भाजी निवडत नाहीयेस तू!” धाकटी बाथरूममध्ये जाऊन रडली आणि डोळे पुसून पुन्हा कामाला बसली. दुर्बिणीला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण शिस्त लावतो याचं तिला समाधान होतं.

अशात तो लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून लिफ्टवाला. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस, अंगाने चांगला दणकट. दवाखान्यात यायची त्याला इतकी लाज वाटायची, की ओळखीचं कुणी दिसलं तर “लिफ्ट बघायला आलोय” म्हणून सांगायचा. दवाखान्याला लिफ्टच नव्हती. बायको शाळेत शिकवायची. कमी बोलायची आणि नवऱ्याच्या या थापेवर कधी हसायची नाही. त्याचं एकदा दुसरीकडे ऑपरेशन झालं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, “हे शेवटचं. यापुढे मी कापणार नाही, तब्येतीला धोका होईल. जे मिळेल ते यातूनच.”

त्या दिवशी तुकडा आत आला आणि दुर्बीण बसली. थेंबामागून थेंब रिकामा जात होता. दुपार टळली, मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धाकटी म्हणाली, “ताई, थोडा वेळ मी बघू?” तर ती नुसती हुं म्हणाली आणि जागची हलली नाही. मग एका कोपऱ्यात एक शेपटी किंचित वळवळली. तिने तो उचलला, पट्टीवरच्या थेंबात सोडला, पाहिला, मोजला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग तिसरा. तिन्ही नियमाप्रमाणे.

तिसऱ्यानंतर सुईचं टोक तुटलं. तिने नवी सुई लावली, आणि नेमक्या त्याच क्षणी शेवटच्या थेंबात तिला तीन एकत्र दिसले, तिन्ही चांगले हलणारे. असा योग तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. सुई न बुचकळताच तिने तिघांना ओळीने आत ओढलं. खिडकीशी डॉक्टरबाई येऊन उभ्या होत्या.

“किती गं?”

“सहा!” दुर्बीण म्हणाली.

“सहा?” डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्याच, आणि तशाच वळून बाहेर गेल्या. दुर्बिणीने सुई थेंबात नेली, हलकेच दाब दिला आणि सुई काढून टाकाऊ काचांच्या डब्यात टाकली. बाहेरच्या खोलीतून टाळी वाजल्याचा आवाज आला. मग लिफ्टवाल्याचा, भुलीतून अजून पुरता न सुटलेला जड आवाज: “सहा म्हणजे पुष्कळ झाले की! आम्हाला एकच हवाय.”

तेव्हा तिला आठवलं, की तिने पाहिलं नव्हतं.

पट्टी अजून तिच्यासमोर होती. मायक्रोस्कोपखाली सरकवायचा अवकाश, की कळलं असतं. सुईही डब्यात वरच पडली होती. पण बघितलं आणि तीनच निघाले तर? तर उठून बाहेर जायचं, आणि त्या टाळीपुढे उभं राहून म्हणायचं, की चुकलं, मी उचललेले मोजले. मी, दुर्बिणीने. धाकटी शेजारी पट्टीचा डबा उघडून उभी होती. “देऊ, ताई?” तिने विचारलं. दुर्बिणीने पट्टी तिच्याकडे दिली आणि वाफेचा लोट वर आला. सोडले असतीलच मी, तिने स्वतःला बजावलं. इतकी वर्षं सोडतेय.

माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कुणी हरवू शकत नाही. पहिले काही दिवस तिची समजूत छान पटली. मग ती दोघं पुढचं ठरवायला आली आणि डॉक्टरबाईंनी तिलाही खोलीत बोलावून घेतलं.

“ऐनवेळी कमी पडले, तर उरलेल्या बीजांसाठी दात्याचे शुक्राणू तयार ठेवायचे का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सहा आहेत ना, मॅडम?” लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने अभिमानाने दुर्बिणीकडे पाहिलं. “मग परक्याचे कशाला?”

आता बोलायचं होतं. ती बोललीही. “ऊब देताना एखाद-दुसरा जातो कधी कधी,” ती म्हणाली. वाक्य खरं होतं आणि म्हणूनच ते तोंडातून बाहेर पडताच तिला स्वतःची शिसारी आली. ती त्यांना सावध करत नव्हती, आपली पळवाट आखून ठेवत होती. लिफ्टवाल्याने मान डोलावली. “चालतंय. चार उरले तरी भरपूर.”

आणि याहूनही वाईट तिने नंतर केलं. बीजं काढायचा दिवस ठरला, तेव्हा ती धाकटीला म्हणाली, “यावेळी पट्टी तू उघड. तुझा हात बसायला हवा आता.”

धाकटीचा चेहरा उजळला. “खरंच, ताई? इतकी अवघड पट्टी माझ्याकडे?”

“मी आहे ना मागे,” दुर्बीण म्हणाली.

धाकटीने नियम तोडला नाही, घाई केली नाही. पट्टी उबदार तेलात टेकवली, श्वास रोखून थेंब पाहिला. एक, दोन, तीन. मग थेंबाची कड पाहिली, तेल पाहिलं, डिशचा तळ पाहिला, पट्टी उलटी करून पाहिली. “ताई, बाकीचे दिसत नाहीत.” पुन्हा पहिल्यापासून. तिच्या गालांवरून घाम ओघळायला लागला. “ताई, तुम्ही बघा ना, माझंच काहीतरी चुकतंय.”

दुर्बीण खुर्चीवर बसली आणि तिने पाहिलं. नियमाप्रमाणे ठेवलेले तीन तिथे होते. नंतरचे तीन नव्हते, आणि कधीच नव्हते. धाकटीच्या समाधानासाठी तिने डिश कितीतरी वेळ इकडून तिकडे फिरवली. जे तिथे नाही हे पक्कं ठाऊक होतं ते शोधण्याचं नाटक तिने आपल्या त्या नावाजलेल्या डोळ्यांनी केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटत होतं.

तिघांतला एक हललाच नाही. दोन टोचले. उरलेली बीजं तशीच गोठवून ठेवली. एक गर्भ वाढला, तो बायकोच्या गर्भाशयात सोडला, आणि तो रुजला नाही.

डॉक्टरबाई धाकटीवर ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “काही दिवस तू हे काम नको करूस,” आणि तिला साध्या तपासण्यांच्या टेबलावर बसवलं. धाकटीने स्वतःहून त्या जोडप्याची माफी मागितली. लिफ्टवाला तिलाच धीर देत म्हणाला, “अहो, तुम्ही कशाला रडता? माझेच होते ते. तेच कुचकामी निघाले, त्याला तुम्ही काय करणार?” दुर्बीण काचेच्या पलीकडून ऐकत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका पोरीवर तिने आपलं पाप ढकललं होतं, एका माणसाला स्वतःवरच ढकलून घेऊ दिलं होतं, आणि लोक अजून तिला आदराने ताई म्हणत होते.

नंतर बायको एकटीच आली.

“ते यायचं नाही म्हणतात,” ती दुर्बिणीला म्हणाली. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. “निम्मे तर टाकीतच मेले, म्हणतात, माझ्यात दमच नाही. दात्याचा विषय काढला की उठून जातात. जेवताना मान वर करत नाहीत. मी पुरुष आहे असं मला वाटतच नाही, असं परवा म्हणाले.” तिने पदराने नाक पुसलं. “तुम्ही एवढं शोधून दिलंत, तुमचे उपकार आहेत. पण आता बीजं टाकून द्यायची असतील तर काय करायचं, ते विचारायला आले.”

“टाकू नका,” दुर्बीण कशीबशी म्हणाली. “थोडं थांबा.”

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. सांगतानासुद्धा “बहुतेक” आणि “नक्की नाही, पण” असं तिच्या तोंडात येत होतं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण धडकल्यावर म्हणतो, गाडी आपोआप गेली,” तो म्हणाला. “पाय कुणाचा होता ते सांग आधी.”

“माझा,” ती म्हणाली, आणि ओट्याला टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना आणि धाकटीला एकत्र बसवून सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्याच दिवशी तोंड उघडलं असतंस, तर आपण सुई धुऊन बघितली असती. मिळालेही असते.” हे दुर्बिणीला माहीत होतं. रोज माहीत होतं. धाकटीकडे वळून ती म्हणाली, “मी मुद्दाम तुला बसवलं होतं.” धाकटी म्हणाली, “मी तर घरी सांगितलं होतं, की ताईंनी माझ्यावर विश्वास टाकला.” एवढंच बोलून ती आपल्या टेबलाकडे निघून गेली. शिव्या पचवता येतात, हे वाक्य कुठे ठेवायचं ते दुर्बिणीला कळेना.

लिफ्टवाला दवाखान्यात येणार नव्हता, म्हणून डॉक्टरबाईंच्या परवानगीने तीच निघाली. बायको बरोबर आली; काय सांगायचंय ते दुर्बिणीने तिला सांगितलं नव्हतं, दोघांना एकदमच सांगेन म्हणाली होती. एका जुन्या इमारतीत त्याचं काम चाललं होतं. लिफ्ट बंद, म्हणून दोघी जिने चढून गेल्या. वरच्या मशीनच्या खोलीत तो दोरांवर ग्रीस चढवत होता. दुर्बिणीला बघून त्याने हात पुसले आणि पाहुणी आल्यासारखा गडबडला.

तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तीन सोडले होते, तीन सुईत राहिले होते. सुई मी टाकली. शंका आली होती आणि मी पाहिलं नाही, कारण सहा म्हणून बसले होते. त्या मुलीची काही चूक नाही. चूक माझी आणि लपवलीही मीच. या वेळी तिने एकही “बहुतेक” घातला नाही. सांगून झाल्यावर ती मान खाली घालून उभी राहिली. त्याने हात उचलला असता तरी ती हलली नसती.

“ते तीन,” लिफ्टवाल्याने विचारलं, “टाकीत मेले नाहीत?”

“टाकीत गेलेच नाहीत.”

“मग तुम्ही उचललेत तेव्हा कसे होते?”

“जिवंत होते.”

“हलत होते?”

“हो,” ती म्हणाली. हे सांगणं सगळ्यांत जड होतं. “पहिल्या तिघांपेक्षाही चांगले. सरळ पुढे जात होते.”

तो मशीनच्या कट्ट्यावर बसला. बायकोकडे पाहताना त्याचा चेहरा असा काही सैल झाला, की दुर्बिणीने नजर वळवली. “ऐकलंस?” तो म्हणाला. “सरळ पुढे जात होते म्हणतात.” आणि तो रडायला लागला, आनंदाने रडावं तसा. मग त्याने डोळे पुसले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरची धूळ बाहीने झटकली आणि तिच्यापुढे ठेवलं. “बसा ना, मॅडम. एवढे जिने चढून आलात सांगायला.”

बायको हलली नव्हती. ती दुर्बिणीकडे टक लावून बघत होती, आणि शाळेत पोरांना दटावणारा तिचा तो आवाज आता अगदी हळू निघाला.

“त्यांचं मूल होतं ते,” ती म्हणाली. “तुम्ही कचऱ्यात टाकलंत, आणि हे तुम्हाला स्टूल देतायत.”

स्टूल तिघांच्या मध्ये तसंच होतं. दुर्बिणीला त्यावर बसता येईना आणि वळून जिना उतरताही येईना.